टेपमधली मोकळी जागा

“मॅडम, आपण एंडिंग आधी शूट करून टाकू,” दिग्दर्शिका म्हणाली.

मशीन तेव्हा माझ्या टेबलावर पोट उघडं टाकून पडलं होतं. आतला रबरी बेल्ट उन्हाळ्यांनी वितळून डांबर झाला होता आणि मी तो काडीनं खरवडत होते. म्हणजे पेशंट ऑपरेशन टेबलावर, आणि या बाईला डिस्चार्जचे पेढे वाटायचे होते.

जुनी यंत्रं दुरुस्त करून दाखवणारा एक रिअ‍ॅलिटी शो आहे. मी मुंबईतल्या स्टुडिओत मेंटेनन्स इंजिनियर होते, निवृत्तीनंतर अलिबागजवळ चोंढीला घरामागे वर्कशॉप काढलं. तिथपर्यंत ही मंडळी मांडव्याच्या बोटीनं कॅमेरे, दिवे आणि खोटी धूळ भरलेला स्प्रे घेऊन आली. होय, खोटी धूळ. खरी मी आदल्या दिवशीच पुसली होती, हा माझा गुन्हा.

मशीन होतं स्पूल टेपरेकॉर्डर. कॅसेटच्या आधीचं, दोन मोठ्या चकत्या गरगर फिरतात ते. मालकीण दमयंतीताई, उरणकडच्या एका आगरी गावातल्या. घरचा कंटेनर वाहणाऱ्या ट्रेलरचा धंदा, बोलणं रोखठोक. त्यांची आई धवलारीण होती. आगरी लग्नात विधी चालू असताना धवले गातात आणि ते गाणारी ती धवलारीण. तिच्यावाचून मांडवात पान हलत नाही. आई आता नाही. जहाजावर काम करणाऱ्या मामानं आणलेल्या या मशीनवर तिनं एकदा धवला भरून ठेवला होता. तीच एकुलती एक टेप. दमयंतीताईंच्या लेकीचं लग्न ठरलं होतं आणि आजीचा धवला लागल्याशिवाय हळद लावून घेणार नाही, असं ती पोरगी हट्टानं सांगून बसली होती.

टेप इतकी वर्षं त्यांनी भाताच्या कणगीत ठेवली होती.

“समुद्राची वल लागू नये म्हनून,” दमयंतीताई म्हणाल्या. “भात वल खेचतं ना.”

मी कपाळाला हात लावणार होते, पण टेप हातात घेतली आणि लावला नाही. टेप म्हणजे प्लास्टिकची पट्टी आणि तिच्यावर चिकटवलेली लोखंडी भुकटी. आवाज त्या भुकटीत असतो. दमट हवेत तिचा गोंद सुटतो, आणि आपल्या किनाऱ्यावर तर मीठसुद्धा पाझरतं. ही टेप मात्र कोरडी होती. भाताचं तूस तेवढं जागोजागी भरलं होतं. तूस काढता येतं, गेलेला आवाज परत आणता येत नाही.

तर एंडिंग. मी अट घातली, खऱ्या टेपला कुणी हात लावायचा नाही. चकत्यांवर माझ्याकडची कोरी टेप चढवली, हातानंच फिरवायची. टेबलाखाली एका मोबाइलवर इंटरनेटवरचा कुठलासा धवला लावला, मागे व्हायोलिन आणि ढोलकी. दिग्दर्शिका रिद्धिमा हळुवार आवाजात म्हणाली, “दमयंतीताई, ही तुमची आई आहे असं समजा. आता रडा.”

दमयंतीताईंनी मन लावून ऐकलं. रडू काही येईना.

“गाना बरा हाय,” शेवटी त्या म्हणाल्या. “पन हिच्यात मागं बोलाला जागाच न्हाय.”

कुणालाच काही कळलं नाही. मलाही नाही. मेकअपवाल्यानं डोळ्यांत थेंब घातले आणि शॉट ओके झाला.

मग ते गेले आणि मी कामाला लागले. आधी कपॅसिटर बदलले. कपॅसिटर म्हणजे वीज साठवून सारखी पुरवणारे छोटे डबे. ते जुने झाले की आतून सुकतात. असं मशीन थेट प्लगमध्ये घातलं की धूर निघतो. टीव्हीवर सगळे थेट प्लगमध्येच घालतात, कारण धूर छान दिसतो. मी व्होल्टेज हळूहळू वाढवत नेलं. नवा बेल्ट बसवला. टेप जिथे घासून आवाज उचलते ते हेड स्पिरिटनं पुसलं. मग खरी टेप हातानं, मऊ कापडातून ओढत, सगळी गुंडाळून घेतली. यात दाखवण्यासारखं काहीही नसतं. एक बाई बसली आहे आणि कापड धरलं आहे, एवढंच.

पंधरवड्यानं टीम परत आली. रिद्धिमाला ‘बॅकअप’ म्हणून खरं वाजणंही हवं होतं.

“एक रिहर्सल करू या?”

“रिहर्सल नाही,” मी म्हटलं. “जुनी टेप पहिल्यांदा वाजते तेव्हा ती शेवटचीच वाजते असं धरून चालायचं. वाजता वाजता भुकटी गळू शकते. म्हणून लॅपटॉप जोडलाय. एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी कॉपी घ्यायची.”

“आणि रिअ‍ॅक्शन मिस झाली तर?”

“तर झाली.”

माझा आवाज जरा चढला असावा. ती कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली.

मी बटण दाबलं. खरखर आली आणि मग एका बाईचा आवाज, खणखणीत, घरात नव्हे मांडवात म्हणावा तसा. दमयंतीताईंनी टेबलाची कड घट्ट धरली. एक ओळ झाली आणि आवाज बंद पडला.

“कट!” रिद्धिमा म्हणाली. कॅमेरामननं कॅमेरा खाली घेतला. “गेलं का?”

माझं बोट स्टॉपवर गेलंच होतं. भुकटी गळली असेल तर मशीन ताबडतोब थांबवायचं असतं, नाहीतर हेडवर साचून पुढची टेपही खरवडते. पण मीटरचा काटा अजून थरथरत होता. टेप स्वतःचा एक बारीक ‘स्स’ आवाज करते, त्याला आम्ही हिस म्हणतो. भुकटी गेली असती तर हिसही गेला असता. तो तसाच होता, आणि त्याच्यामागे, खूप लांब, कोंबडा आरवला. मी बोट काढून घेतलं.

आणि दमयंतीताईंनी तीच ओळ म्हटली.

आधी पुटपुटत, मग पूर्ण गळ्यानं. त्यांचा शेवटचा शब्द संपला आणि आईनं पुढची ओळ उचलली. पुन्हा थांबली. लेकीनं पुन्हा मागून म्हटली. धवल्यात एक पुढे म्हणते, दुसरी तेच मागून म्हणते. टेप भरली त्या दिवशी मागून म्हणणारी सोबतीण घरी नव्हती. आईनं तिची जागा मोकळी सोडली होती.

माझे डोळे भरून आले. मीटर दिसेना, म्हणून चष्मा पुसला.

“रोल, रोल!” रिद्धिमा कुजबुजत ओरडली. कॅमेरा उचलून फोकस लावेपर्यंत टेप संपली होती. ती दमयंतीताईंपाशी आली. “ताई, एकदा पुन्हा? अगदी असंच?”

कॉपी झाली होती; हवं तितक्या वेळा वाजवता आलं असतं. पण दमयंतीताई पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “बाय, आता लेकीच्या हलदीला. माझ्या आयला उगा कितींदा उभी कराची?”

रिद्धिमानं कॅमेरामनला पॅकअप सांगितलं, आणि निघताना मला म्हणाली, “मी ऐकलं मॅडम. मला पुरे आहे.” मला ती तेव्हा पहिल्यांदा आवडली.

एपिसोड लागला. त्यात मी मशीनवर फुंकर मारते, एक स्क्रू पिळते, ठिणग्या उडतात, आणि मोबाइलमधली बाई व्हायोलिनवर गाते. शेजारपाजारचे अभिनंदन करायला आले. मी चहा केला.

हळदीला मी उरणला गेले. मांडवात माणसाच्या उंचीचे दोन स्पीकर होते, त्यांवर टेपची कॉपी लागणार होती. आजीची पहिली ओळ घुमली आणि आवाज थांबला. डीजेवाला दचकून मिक्सरवर झेपावला. मी त्याचा हात धरला.

“थांबा. हिस येतोय ना?”

“येतोय.”

“मग टेप चालू आहे. आता पाळी बायकांची.”

त्यानं मांडवाकडे पाहिलं. दमयंतीताईंनी तोंड उघडलं होतं, आणि त्यांच्यामागे सगळ्या बायकांनी.