खिंडीतली लाल गाडी आणि ह्यांचा डोळा

आमच्या ह्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, हे घरात फक्त मला ठाऊक होतं. पाण्याचा तांब्या पुढं केला की त्यांचा हात तांब्याच्या शेजारी जायचा. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. हे म्हणाले, अजून पिकला नाही, पिकू दे. मग म्हणाले, उन्हाळ्यात डोळा चिघळतो, थंडीत करू. थंडी आली तेव्हा त्यांच्या शेठच्या घरी लग्न होतं. मग परत उन्हाळा. असं दीड वर्ष चाललं.

खरं कारण वेगळं होतं. हे ड्रायव्हर. डोळा गेल्याचं बाहेर कळलं तर चावी दुसऱ्याच्या हातात जाईल आणि परत मिळणार नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी कुणाला सांगणार नाही याची त्यांना खात्री होती. मी तशीही कुणाला काही सांगत नाही. चौथीत शाळा सुटली, तेव्हापासून जे काही बोलायचं ते मी वहीतच बोलते.

हे आधी हसनाबादच्या रस्त्यावर जीप चालवायचे. आता जालन्यात सळईच्या एका व्यापाऱ्याकडे आहेत. शेठ तरुण आहेत, ह्यांना मामा म्हणतात, मला मामी. मागच्या वर्षी त्यांनी एक लाल गाडी आणली, शर्यतीत असतात तसली. तिच्यात दोनच माणसं बसतात, आणि बसतात म्हणजे जवळजवळ निजतात. जुन्या जालन्यातल्या गतिरोधकावर तिचं पोट घासतं, म्हणून हे ती तिरकी करून चढवतात आणि मागचे रिक्षावाले शिव्या देतात. जिला आपली गल्लीच चालत नाही अशी गाडी माणूस कशाला घेतो, हे मला अजून कळलेलं नाही.

जूनमध्ये शेठ ती गाडी घेऊन मित्रांबरोबर हिमालयात गेले. लेहला पोचेपर्यंत त्यांना गारा लागल्या, डोकं दुखलं, दम लागला. गाडी तिथल्या हॉटेलाच्या आवारात ठेवून ते विमानानं घरी आले आणि ह्यांना म्हणाले, मामा, तुम्ही जाऊन घेऊन या, सोबत कुणाला तरी न्या. हे घरी येऊन मला म्हणाले, चल, तुला बर्फ दाखवतो. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली, मला साधं वेरूळ दाखवलेलं नव्हतं. मी मरून रंगाची साडी काढली, बाजरीच्या भाकरी बांधल्या, शेजारणीला स्वेटर मागितला. दिल्लीच्या पुढं विमानात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सोबतीला दुसरा कुणी घेतला असता तर डोळ्याचं बिंग फुटलं असतं. मला उजवा डोळा म्हणून आणलं होतं.

येताना तीन-चार खिंडी ओलांडायच्या होत्या. एकेकीचं नाव पाटीवर लिहिलेलं, पण तीनदा वाचूनही माझ्या जिभेवर बसलं नाही. रस्ता कुठं डांबरी, कुठं नुसते गोटे. गोटे आले की हे मला खाली उतरवायचे, गाडीचं वजन कमी व्हावं म्हणून. मी साडी सावरत मागून चालायची, हे पुढं जाऊन थांबायचे. त्या खुर्चीतून बाहेर निघणं म्हणजे विहिरीतून निघण्यासारखं. दिवसातून दहा वेळा.

आणि तिथलं हवामान. अर्ध्या तासात ऊन, ढग, गारा, परत ऊन. ह्यांच्या डोळ्याची एक गोष्ट मला तिथं कळली. ढग असले की त्यांना बरं दिसायचं, ऊन पडलं की बर्फावरून असा उजेड यायचा की काचेला पीठ लावल्यासारखं समोर सगळं पांढरं व्हायचं. रस्त्यावरची सगळी माणसं ऊन मागत होती आणि मी एकटी ढग मागत होते.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात उंच खिंडीच्या माथ्यावर सकाळी लख्ख ऊन पडलं. मोटरसायकलवाली पोरं टाळ्या वाजवायला लागली, आमच्या गाडीला टेकून फोटो काढायला लागली. ह्यांनी गाडी चहाच्या तंबूपाशी लावली. एक चहा झाला. दुसरा झाला. चौथा मागवल्यावर माझ्यानं राहवलं नाही.

"अहो, निघायचं न्हाई का?"

"ढग येऊ दे."

"अन् न्हाई आले मंग?"

"येतेत. इथल्या हवेचा काही भरवसा न्हाई."

भरवसा नसलेल्या हवेच्या भरवशावर हे पाय पसरून बसले. तेवढ्यात रस्त्याच्या कामावरचा एक माणूस येऊन हिंदीत सांगून गेला, की खाली उतारावर नाला आहे, ऊन चढलं की बर्फ वितळून त्याला पाणी वाढतं, दुपारनंतर ही बुटकी गाडी त्यातून निघणार नाही. म्हणजे उन्हामुळं थांबावं तर उन्हामुळंच अडकावं. चहाचा पेला माझ्या हातात होता, तो आपटावासा वाटला. आपटला नाही. पेला दुसऱ्याचा होता.

निघालो. त्या गाडीचं इंजिन असं ओरडतं की शेजारच्याला शेजारच्याचं ऐकू येत नाही. एका वळणावर समोरून ट्रक आला. मी थांबा म्हणाले. माझा आवाज म्हणजे चुलीपुढं बसून बोलायचा आवाज, तो इंजिनातच राहिला. मी परत म्हणाले, तेव्हा माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. ह्यांनी ब्रेक दाबला. ट्रकच्या बंपरमध्ये आणि आमच्यामध्ये दीड हात अंतर उरलं. ट्रकवाला वरून आमच्याकडं बघत राहिला. शिवीसुद्धा दिली नाही त्यानं. मागं घेतला आणि आम्हाला वाट दिली.

ह्यांचे हात स्टेअरिंगवरच होते.

"मला काहीच दिसून न्हाई राह्यलं," हे म्हणाले.

एकोणतीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला दया यायला पाहिजे होती. मी दोन्हीकडच्या बर्फाकडं हात केला आणि म्हणाले, "तुम्हाला थंडी पायजे होती ना? घ्या. ही काय थंडी."

ह्यांनी गाडी हळूच पुढं काढली. मग मीच बोलायला लागले. मी दहा वर्षं बियाण्याच्या प्लॉटवर कपाशीची फुलं हाताळलेली बाई, पानाआडची कळी मला लांबून दिसते. रस्त्यातला दगड तर दगडच आहे. उजवीकडं घ्या म्हणाले. हे विचारायचे, किती. थोडं. थोडं म्हंजे किती. एक वीत. गाडी विती-वितीनं चालत न्हाई, हे चिडून म्हणाले. मी म्हणाले, आता चालंल. खाली येईपर्यंत माझा घसा बसला. एवढं मी अख्ख्या वर्षात बोलत नाही.

नाल्याला पाणी आलंच होतं. रस्त्यावरून आडवं, फेसाळ, खाली गोटे. उन्हात सगळं चकाकत होतं. मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्न सुरू झाले. हे काचेवर कपाळ टेकवून बघत होते. पाणी कुठं आणि रस्ता कुठं, त्यांना काही कळत नव्हतं. मी उतरले, वजन कमी करायला. चार पावलं पुढं गेले तर ह्यांनी काच खाली केली.

"थांब. तुझी साडी दिसती मला. बाकी काही दिसत न्हाई, तेवढी दिसती. तू पुढं चाल."

मी चपला काढून एका हातात घेतल्या, दुसऱ्यात निऱ्या धरल्या आणि पाण्यात शिरले. ते पाणी थंड नव्हतं, चावत होतं. पायानं गोटे चाचपत, मोठा लागला की बाजूला सरकत, मी चालले आणि माझ्या मरून साडीमागं ती लाल गाडी पोटात पाणी घेत आली. आमच्या गल्लीत मी चार माणसं उभी असली तर दुसऱ्या वाटेनं जाते. इथं पन्नास माणसं बघत होती, काही जण मोबाईल धरून होते, आणि मला पदर घ्यायला हात मोकळा नव्हता. पलीकडं निघालो तेव्हा माझे पाय निळे पडले होते. ह्यांनी गाडीतली गरम हवा माझ्या पायांवर सोडली, एवढंच.

पाच मिनिटांत ढग आले. मला रागानं रडू आलं.

बाकीच्या वाटेत हवा ढगाळच होती आणि पुढं सपाट मुलूख. गाडी जालन्याला पोचली, तिला ओरखडासुद्धा नव्हता. मी शेठच्या आवारात पिशव्या उतरवत होते. हे बाकीच्या ड्रायव्हरांना सांगत होते, की धुक्यात कशी काढली, नाल्यात कशी काढली. त्या सांगण्यात मी कुठंच नव्हते. त्याचं मला काही वाटलं नाही. मग शेठ आले, गाडीभोवती फिरले, खूश झाले. म्हणाले, मामा, पुढच्या महिन्यात परत जाऊ, या वेळेला तुम्ही चालवा, मी शेजारी बसतो.

हे हसून हो म्हणाले. बिलकुल हो म्हणाले.

मी शेठशी कधी बोललेली नव्हते. पिशवी खाली ठेवली. "त्यांना उजव्या डोळ्यानं दिसत न्हाई," म्हणाले.

शेठ म्हणाले, "मामा, खरं का?"

हे चपलेनं माती उकरत होते. "थंडीत करणार होतो," म्हणाले.

शेठनी हात पुढं केला. ह्यांनी चावी दिली. शेठ म्हणाले, डोळा करून या, मग बघू.

चार दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी बोलले ते एवढंच, की अख्ख्या जन्मात एकदा तोंड उघडलं अन् माझ्या पोटावर मारलं. शेठनी परत बोलावलं नाही तर काय, हा विचार माझ्याही मनात होताच.

ऑपरेशन भर जुलैत झालं. काही चिघळलं नाही. डॉक्टर म्हणाले, हा तर जास्तच पिकवला तुम्ही, म्हणून काढायला इतका त्रास झाला. मी ह्यांच्याकडं बघितलं. हिरव्या पट्टीतून बघता येत नाही म्हणून ते सुटले.

महिन्यानं डॉक्टरांचा कागद घेऊन हे शेठकडं गेले. लाल गाडीची चावी मिळाली नाही. जुन्या जीपची मिळाली, बदनापूर स्टेशनावरून पाहुणे आणायला. लाल गाडी दुसरा डोळा झाल्यावर, असं शेठनी सांगितलं. डाव्यातही सुरुवात आहे, कागदावर लिहिलंय. हे घरी आले तेव्हापासून जीपला नावं ठेवतायत. तिचा पत्रा कुठं कुठं उखडलाय ते आता त्यांना सगळं दिसतं. माझ्या भांड्यांवरची राखही दिसते.

काल जेवताना मी विचारलं, डावा डोळा कधी करायचा. पाण्याचा तांब्या त्यांनी बरोबर धरला, घोट घेतला आणि म्हणाले, "थं..."

मग माझ्याकडं बघितलं आणि पुढचं गिळलं.