तीन बोटं खाली

पडदा असा नव्हताच. पत्र्याचं मोठं छप्पर, त्याखाली फळ्यांचं स्टेज, आणि मागे निळ्या कापडावर हाताने रंगवलेला, एका अंगाने जरा चेपलेला चंद्र. समोर नाचायची लाकडी जमीन. तिच्यावर सकाळीच मक्याचं पीठ भुरभुरून ती पायांना गुळगुळीत करून ठेवलेली. बाहेर खड्ड्यांत मांस भाजतंय, त्याचा धूर थेट स्टेजपर्यंत येतोय. बर्फाच्या पिंपांत लाल सोड्याच्या बाटल्या एकमेकींवर आपटताहेत. सन १९३७, जूनची एकोणीस तारीख, गुलामी सुटल्याचा दिवस. मस्कोगी गावाच्या चहूबाजूंची आमची काळी माणसं इस्त्रीचे कपडे घालून, टोप्या सावरत, चार वाजायची वाट बघताहेत. चारला अलोन्झो टिब्जचा बँड उभा राहणार.

आत्ता वाजलेत सकाळचे साडेदहा. स्टेजच्या उजव्या कोपऱ्यात पत्र्याच्या पेटीवर एक उंच, सडपातळ, ओठ आत गेलेला माणूस बसलाय. तो एल्बर्ट क्वार्ल्स. त्याच्याकडे कुणी बघत नाही. बघायला तो काही वाजवत नाही, गात नाही, नाचत नाही. तो लिहितो.

तेरा वाजवणारे आणि पियानोवर स्वतः टिब्ज, असा तो बँड. टिब्जना सगळे प्रोफेसर म्हणत. मोठ्या बँडमध्ये प्रत्येकाच्या पुढ्यात त्याचं त्याचं पान असतं. एकाचं पान दुसऱ्याच्या कामाचं नाही. ही सगळी पानं एल्बर्टच्या हातची. ओमाहापासून टेक्ससपर्यंत बस धावायची तेव्हा तो ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर, मांडीवर कणीक मळायचा पाट घेऊन लिहीत बसायचा. त्याचे सूर घेवड्याच्या दाण्यांएवढे टपोरे असत, अंधुक दिव्यातही वाचता यावेत असे. पानाच्या डोक्यावर तो वाद्याचं नाव लिहीत नसे, माणसाचं लिही. आणि समासात बारीक अक्षरात सूचना: ‘इथे श्वास घे, रेजिनाल्ड.’ ‘हॉबर्ट, घाई नको, ती तुझ्यासाठी थांबेल.’ नव्या माणसाला ते वाचून हसू येई. महिन्याभराने तोच माणूस, आपल्या पानावर काही का लिहिलं नाही, म्हणून रुसून बसे.

पूर्वी तो ट्रॉम्बोन वाजवायचा. सात वर्षं टिब्जच्या बँडमध्ये पहिल्या खुर्चीवर होता. मग हिरड्या सुजायला लागल्या. उंच सूर येईनासा झाला, तसा तो दिलदारपणे म्हणू लागला, की हा एकट्याने वाजवायचा तुकडा शेजारच्याला द्या, पोराला पुढे येऊ द्या. सगळे त्याला मोठ्या मनाचा म्हणाले. एका संध्याकाळी जॉपलिनला शेजारचा तापाने पडला होता, तुकडा एल्बर्टला वाजवावा लागला, आणि सहाशे माणसांसमोर त्याच्या ट्रॉम्बोनमधून नुसती हवा आली. पुढच्या आठवड्यात दात काढले. दुसऱ्या कुठल्या मालकाने त्याला जॉपलिनलाच निरोप दिला असता. प्रोफेसरांनी त्याच्या हातात टाक दिला. म्हणाले, तुझे कान काही दातांबरोबर गेलेले नाहीत. तेव्हापासून चार वर्षं तो पाट आणि ती पेटी हाच त्याचा संसार. वय बावन्न. या बसमधून खाली उतरला, तर दुसऱ्या बसमध्ये त्याला कुणी घेणार नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवशी बँडबरोबर पाहुणे कलाकार होते. स्टेजवर ठेवलेल्या लाकडी जिन्यावर पाय वाजवत नाचणारे गॅड्सडेन बंधू, आणि मिस लुवेनिया बॅट्स.

लुवेनिया बॅट्स म्हणजे काय ते त्या मंडपातल्या कुणालाही विचारा. वीस वर्षांपूर्वी तंबूच्या खेळांत ती माइकशिवाय गायची आणि शेवटच्या रांगेतली आंधळी म्हातारीसुद्धा रडायची. आता पन्नाशी उलटली होती, पण पाठ तशीच ताठ. तिच्या मानाचं गाणं एकच, नदीकाठच्या घराचं; त्याच्या शेवटी एक उंच सूर होता आणि लोक त्या सुरासाठी मैलोगणती चालत येत. तिच्याबद्दल आणखी एक गोष्ट सगळ्या बँडांत माहीत होती. विचिटाला एका बँडच्या लेखनिकाने तिच्या गाण्याची पट्टी खाली उतरवायची गोष्ट काढली होती. बाईंनी मालकाला सांगून त्याला त्याच दिवशी रस्त्यावर आणलं होतं.

सकाळच्या तालमीत ती गायली. अर्ध्या आवाजात, हाताने वारा घेत. गाणं शेवटाकडे आलं, उंच सुराची जागा आली, आणि तिने नुसतं हसून बोट वर केलं. म्हणाली, “हा चार वाजता. लोकांनी वाट बघितलीय, तुम्हाला फुकट का देऊ?”

सगळे हसले. प्रोफेसर तर पियानोवर थाप मारून हसले.

एल्बर्ट हसला नाही. ते बोट त्याने ओळखलं. जॉपलिनच्या आधी तो स्वतः वर्षभर तसंच बोट वर करत होता. तिच्या गळ्याच्या शिरा त्या सुराच्या दोन सूर आधीच तटतटल्या होत्या, आणि हे त्या स्टेजवर त्याच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं. आज चार वाजता काय होणार, ते त्याला लख्ख दिसलं. जॉपलिनला तो सहाशे जणांसमोर उभा होता. इथे दोन हजार होते, आणि तेही सणाच्या दिवशी.

तिला सांगावं, तर विचिटाच्या माणसाच्या वाटेने जावं. न सांगावं, तर बघत बसावं. तो पेटीवरून उठला. मग त्याने पेटी उघडली, कोरे कागद काढले, पाट मांडीवर घेतला, आणि पांढरी चारमधलं ते गाणं काळी दोनमध्ये उतरवायला घेतलं. एक पूर्ण सूर खाली. ऐकणाऱ्याला कळायचं नाही, आणि गळ्याला मात्र जिना उतरल्यासारखं होईल.

तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन, चार सॅक्सोफोन, गिटार, उभा बास. बारा पानं. ड्रमवाल्याला पट्टीशी देणंघेणं नाही, त्याचं पान लिहायचं वाचलं. मनगट आखडलं की एल्बर्ट हात बर्फाच्या पिंपात बुडवून येई आणि पुन्हा बसे. त्याच्या घरमालकिणीने, म्हणजे ज्यांच्या घरी बँडचे चौघे उतरले होते त्या मिसेस स्टोव्हॉलने, तळलेला मासा आणि मक्याचा पाव बशीत घालून पाठवला. मासा गार झाला. पावणेचारला बारावं पान संपलं.

पानं वाटताना पहिल्या ट्रम्पेटच्या रेजिनाल्डने कागदावर बोट फिरवलं आणि बोट एल्बर्टला दाखवलं. काळं झालं होतं.

“काका, हे लिहिलंय की आत्ता जन्मलंय?”

“वाच आणि गप बस.”

“पट्टी बदललीय.”

“तुला वाचता येतं हे प्रोफेसरांना कळवतो.”

उभा बास वाजवणारा हॉबर्ट वयाने मोठा, बोलायला कमी. त्याने पान पाहिलं, लांब मिस लुवेनिया लाल सोड्याची बाटली हातात घेऊन बायकांशी बोलत उभी होती तिकडे पाहिलं, आणि पान स्टँडवर ठेवून त्यावर पेन्सिल आडवी ठेवली, वाऱ्याने उडू नये म्हणून.

चारला बँड सुरू झाला. पहिल्या दोन गाण्यांत जमीन पायांनी भरली. गॅड्सडेन बंधूंनी जिना असा वाजवला, की माणसं नाच थांबवून बघत राहिली. मग प्रोफेसर उठले, जाकिटाची बटणं ओढली आणि मिस लुवेनिया बॅट्सचं नाव घेतलं. टाळ्या पडल्या त्या अशा, की चेपलेला चंद्र हलला. ती आली, पांढऱ्या झग्यात, हळूहळू, माइकपाशी उभी राहिली. प्रोफेसर पियानोवर बसले. गाण्याच्या सुरुवातीची आठ आवर्तनं पियानो एकटा वाजवत असे. मग गाणारी, आणि तिच्याबरोबरच सगळा बँड.

प्रोफेसरांनी पहिला सूर दाबला.

पांढरी चार.

बारा पानं लिहिली होती. पियानोचं लिहिलं नव्हतं. चार वर्षांत त्याने पियानोचं पान कधी लिहिलंच नव्हतं, कारण प्रोफेसर कागद वाचत नसत. सगळं त्यांच्या डोक्यात. आणि जे कधी लिहायचंच नसतं, ते सांगायचं राहून जातं. आता प्रोफेसर वीस वर्षांच्या सवयीने जुन्या पट्टीत वाजवत होते, बाई ती पट्टी कानात घेऊन उभी होती, आणि समोर बारा माणसं नवी पानं लावून तयार होती. आठ आवर्तनं संपली, की बाई एकीकडे आणि बँड दुसरीकडे. गळा वर चढला नसता तर लोक त्याला वय म्हणाले असते. याला काय म्हणाले असते?

दुसरं आवर्तन. प्रोफेसर स्टेजच्या पार डाव्या टोकाला, एल्बर्ट उजव्या टोकाला. ओरडायची सोय नाही.

तो उठला आणि सरळ स्टेजवर चालत गेला. अंगात नुसता शर्ट, बाह्या कोपरापर्यंत, बोटं शाईने काळी. टिब्जच्या बँडमध्ये कोटाशिवाय स्टेजवर पाय ठेवलेला माणूस आजवर कुणी पाहिला नव्हता. पुढच्या रांगेतल्या बायका कुजबुजल्या. रेजिनाल्डने डोळे मिटून घेतले. एल्बर्ट पाहुणीच्या पाठीमागून गेला, सॅक्सोफोनच्या रांगेपुढून गेला. तिसरं आवर्तन, चौथं. तो पियानोच्या टोकाशी थांबला, हात छातीपुढे धरला आणि तीन बोटं जमिनीकडे केली.

बँडच्या माणसांना ही खूण पाठ असते. गडबडीत पट्टी विचारायची तर बोलायला वेळ कुठला? एक बोट खाली म्हणजे पांढरी चार, तीन बोटं खाली म्हणजे काळी दोन.

प्रोफेसर लोकांकडे बघून हसत वाजवत होते. पाचवं आवर्तन. नजर वळली. शर्ट दिसला, कपाळावर आठी आली. मग बोटं दिसली. ती आठी तशीच राहिली, पण हात वळले. सहाव्या आवर्तनात त्यांनी डाव्या हाताने एक लांब पायरी घेतली, सातव्यात तिच्यावर उजव्या हाताने थोडी नक्षी काढली, जणू ही नक्षी आज सणासाठी राखून ठेवली होती, आणि आठव्यात काळी दोनवर अलगद येऊन बसले. लोकांतून कुणीतरी खूश होऊन “वाजवा, प्रोफेसर” म्हणालं.

मिस लुवेनियाने मान किंचित वळवली. पियानो कुठून कुठे उतरला ते तिने ऐकलं, मग तीन काळी बोटं पाहिली. एक श्वास घेतला, आणि गायला लागली.

आणि बँड तिच्याखाली असा आला, जसा थकून बसणाऱ्याखाली कुणी हळूच खुर्ची सरकवावी. एल्बर्ट जिथल्या तिथे उभा राहिला. शेवट जवळ आला. गळ्याच्या शिरा सैल होत्या. तिने बोट वर केलं नाही. सूर घेतला, धरला, आणखी धरला, आणि सोडताना हसली. मंडपात क्षणभर नुसता मांसाचा धूर हलत होता. मग जे झालं ते पत्र्याच्या छपराने सहन केलं, एवढंच.

मध्यंतरात प्रोफेसर पेटीपाशी आले. त्यांनी एल्बर्टच्या शर्टाकडे पाहिलं, शाईकडे पाहिलं आणि म्हणाले, की पुन्हा माझ्या स्टेजवर यायचं असेल तर कोट शिवून घे, कापड मी देईन. इतकं बोलून ते भाजलेल्या मांसाच्या दिशेने गेले. एल्बर्टचा जीव निम्मा भांड्यात पडला. उरलेला निम्मा पांढऱ्या झग्यात समोरून येत होता.

ती जवळ आली आणि उभीच राहिली.

“ही पानं तुम्ही लिहिलीत, मिस्टर क्वार्ल्स?”

“हो.”

“मला विचारलंत?”

“नाही. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात. आणि चार लोकांत नाही म्हटलं, की मग ते निभवावं लागतं.”

तिने नाचाच्या जमिनीकडे मान वळवली. पोरं पिठावर घसरून बघत होती. मग ती म्हणाली, की विचिटाचा तो माणूस खोटं बोलला नव्हता. पण त्याने ते चौदा जणांसमोर, मोठ्याने, टाक माझ्याकडे रोखून सांगितलं. तिने तोंड फिरवून डोळ्यांचा कोपरा हातरुमालाने टिपला आणि पुन्हा ताठ झाली.

“मंगळवारी टल्सा. माझी अजून तीन गाणी आहेत.”

एल्बर्टने मान डोलावली. तेव्हा कुठे त्याला भूक लागल्याचं कळलं. त्याने गार माशाची बशी तिच्यापुढे केली. तिने एक तुकडा उचलला, पेटीवर त्याच्या शेजारी बसली, आणि दोघं खाऊ लागली.

“मंगळवारपर्यंत होतील, मिस लुवेनिया,” तो म्हणाला. “पण या खेपेला प्रोफेसरांना आधी सांगून ठेवतो.”