डाव्या बाजूची पावलं

मोबाइलवरच्या बंदुकांच्या खेळावर मी पोट भरत होतो, हे आमच्या नातेवाइकांना अजूनही पटत नाही. चौघांची टीम, दिंडोशीत स्पॉन्सरने भाड्याने घेऊन दिलेला फ्लॅट आणि महिन्याचा पगार. बोटं काय, चौघांचीही चालायची. माझं काम कानाचं होतं. शत्रू दिसायच्या आधी त्याची पावलं इअरफोनमध्ये ऐकू येतात. कुठल्या कानात किती वाजली यावरून तो कुठल्या भिंतीमागे आहे ते मी ओरडून सांगायचो आणि बाकीचे तिघे न बघता तिकडे बंदूक वळवायचे.

मोठी पात्रता स्पर्धा तोंडावर आली होती. सरावात एका दुपारी मी "उजवीकडे!" म्हणून ओरडलो आणि तो डावीकडून येऊन चौघांनाही झोपवून गेला.

"लेफ्टला होता ना यार! वाट लावलीस सगळ्यांची."

डावीकडचं मला काही ऐकूच आलं नव्हतं. आमच्या धंद्यात काहीही चुकलं की दोष सामानाचा. नेम चुकला तर स्क्रीन वाईट, उशीर झाला तर वायफाय वाईट. मग ऐकू आलं नाही तर दुसरं काय असणार? एकाने टूथपिकने फोनचं भोक कोरलं, दुसऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन डावा आवाज वाढवला, तिसऱ्याने स्वतःचा ठेवणीतला इअरफोन दिला. मी मुळात तापट, त्यामुळे कंपनीच्या नावाने खडे फोडत नवा विकत आणला. तोही डावीकडे मुकाच. कानात एक बारीक शिट्टी सतत वाजत होती, तिचंही खापर मी वायरवरच फोडलं. असे दिवस गेले.

एका सकाळी बाकीचे चहा पीत असताना मी खेळ लावला आणि इअरफोन मुद्दाम उलटे घातले. डावा उजव्या कानात, उजवा डाव्या कानात. बिघाड त्यांच्यात असता तर आता उजवीकडे शांतता व्हायला हवी होती. उजवीकडे पावलं खणखणीत वाजली. डावीकडे काहीच नाही.

मी ते सरळ घातले, पुन्हा उलटे घातले. तिसऱ्यांदा वायर गळ्याभोवतीच गुंतली. एवढा मी कधीच घाबरलो नव्हतो, हजारो लोकांसमोर स्टेजवर बसतानासुद्धा नाही.

सांताक्रूझच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी एक दोन दात्यांचा लोखंडी काटा ठोकला आणि तो घुमत असतानाच माझ्या कपाळावर मधोमध टेकवला.

"आवाज कुठे येतोय?"

"उजवीकडे."

त्यांनी काटा खाली ठेवला.

"डाव्या कानाची नस गेलीय. हे अचानक होतं. पहिल्या दोन-चार दिवसांत आला असतास तर ऐकू परत यायची बरीच आशा होती. इतके दिवस काय करत होतास?"

"इअरफोन बदलत होतो," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मला जरा धीर आला असता. गोळ्या झाल्या, कानात इंजेक्शनं झाली, पण कान काही परत आला नाही. स्पर्धेआधीच मी टीम सोडली आणि घाटकोपरला घरी आलो.

करार संपला, एवढंच घरी सांगितलं. कानाचं सांगायची छाती होईना, कारण बोललो की ते खरं होणार असं वाटायचं. रस्त्यात रिक्षाचा हॉर्न ऐकू यायचा, पण कुठल्या बाजूचा ते कळत नसे, म्हणून मी कोणीतरी म्हातारं माणूस रस्ता ओलांडायला निघेपर्यंत थांबायचो आणि त्याच्या मागोमाग जायचो. सकाळी डोळे उघडायच्या आधी उजव्या कानाशी चुटकी वाजवून बघायचो. हाही गेला तर मी काय करणार होतो?

एका संध्याकाळी मी उजवा कान रस्त्याच्या गोंगाटाकडे करून खिडकीशी बसलो होतो. खांद्यावर अचानक हात पडला आणि मी ओरडलोच. आई होती.

"मेल्या, कितीदा हाक मारूची? काढ ता कानातला!"

वायर उपटायला तिने माझ्या डाव्या कानाशी हात घातला. तिची बोटं कानावरून फिरली, पुन्हा फिरली आणि तिथेच थांबली. मग ती समोर आली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कायच नाय रे हयसर," माझ्या रिकाम्या कानाला बोट लावत ती म्हणाली.