खाचरात पडलेला नारळ

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत समुद्र नाही. गेल्या वर्षभरात ही गोष्ट मला इतक्या गंभीर माणसांना समजावून सांगावी लागली की शेवटी शेवटी माझाच आवाज बसला.

धरणाच्या फुगवट्याकाठी, पश्चिमेच्या डोंगराला टेकून एक लहान गाव आहे. गाव मासे पकडतं आणि नारायणगावला विकतं. तिथे पर्यटन वाढावं म्हणून एक समिती नेमली गेली आणि समितीने घाट, कमान आणि सिमेंटची होडी मंजूर केली. कमानीपाशी गावाचा इतिहास कोरलेली शिळा बसणार होती. तो मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. जुन्नरच्या कॉलेजात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला लोक अशी कामं फुकट देतात आणि त्याला मान म्हणतात.

घोळ एका शब्दाचा होता. गाव महादेव कोळ्यांचं. किनाऱ्यावरचे कोळी मासेमारी करतात. आमचे डोंगरातले महादेव कोळी शेतकरी. भात, नाचणी, वरई पिकवायची, हिरडा गोळा करायचा, असं पिढ्यानपिढ्या चाललेलं. मग धरण झालं, भाताची खाचरं बुडाली, गाव चढावर सरकलं, आणि समोर पाणीच उरलं म्हणून लोकांनी जाळं हातात घेतलं. या गावाची मासेमारी माझ्या स्कूटरपेक्षा फार जुनी नाही.

मजकुरासाठी गेलो तेव्हा एक म्हातारबाबा मला काठावर घेऊन गेले. त्यांनी घाटासमोरच्या पाण्याकडे बोट केलं. म्हणाले, "तिथं आमचं खाचर व्हतं, सर. तेवढं लिवा. बाकी काय बी लिवा."

त्यांची नात शाळेत जाते. आपले पूर्वज काय करायचे असं बाईंनी विचारलं तेव्हा तिने मासेमारी सांगितलं, आणि बाईंनी शाबासकी दिली. बाबांना ती शाबासकी लागली होती. "तिला वाटतं, आमी पाण्यातूनच वर आलो," ते म्हणाले. दगडावर कोरलेलं तरी पोरगी खरं मानेल, एवढाच त्यांचा हिशेब होता.

मी लिहिलं: हे गाव मूळचं शेतकऱ्यांचं, त्यांची भातखाचरं समोरच्या पाण्याखाली आहेत. पुढे दोन-चार ओळी मासेमारीच्या.

समितीचे अध्यक्ष हसतमुख गृहस्थ, हायवेला त्यांचं हॉटेल आहे. मजकूर त्यांना आवडला, पण जरा रडका वाटला. पाहुणे दोन घटका मजा करायला येणार, त्यांना पाण्याखालचं कशाला दाखवायचं? शिवाय कोळी म्हटल्यावर मासे आलेच. मी चहाचे दोन कप संपेपर्यंत दोन्ही कोळ्यांतला फरक सांगितला. प्रत्येक वाक्याला ते म्हणाले, "बरोबर आहे." वाद घालणाऱ्याला उत्तर देता येतं, या माणसाला काय द्यायचं?

मजकूर सुधारून परत आला तेव्हा 'शेतकऱ्यांचं'चं 'कष्टकऱ्यांचं' झालं होतं. मी पुन्हा दुरुस्त करून पाठवला. पुढच्या खेपेला खाचरं 'पाण्याखाली' नव्हती, 'पाण्याच्या सान्निध्यात' होती. मधूनमधून बाबांचा फोन यायचा: खाचर आहे ना? मी आहे म्हणायचो. सान्निध्यात का होईना, होतं.

उद्‌घाटनाला मुहूर्त काढला नारळी पौर्णिमेचा. गावाने हा सण कधी पाण्याशी जोडलेला नव्हता. पुण्याहून भाड्याने लाल टोप्या आणि किनाऱ्यावरच्या पद्धतीची लुगडी आली. बाबांची नात त्यातलं एक नेसून, डोक्यावर प्लॅस्टिकच्या माशांची टोपली घेऊन नाचली. मग पडदा सरला. 'शतकानुशतके जलदेवतेच्या कुशीत मासेमारी करणारे हे प्राचीन गाव.' खाचर गेलं होतं. खाली लेखक म्हणून माझं नाव होतं, पदवीसकट. तेवढंच त्यांनी जसंच्या तसं ठेवलं होतं.

बाबांनी शिळा वाचली, मग माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षांकडे पाहिलं. ते टाळ्या वाजवत होते.

समारंभाच्या प्रमुख पाहुण्यांनी सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ पाण्यात फेकला. बाबा अध्यक्षांजवळ गेले आणि शांतपणे म्हणाले, "भाऊ, नारळ आमच्या खाचरात पडला. आमच्या रानात पडलं ते आमचं."

अध्यक्ष हसले. त्यांना तो विनोद वाटला. बाबांनी काठावरची ट्रकची फुगवलेली ट्यूब पाण्यात लोटली, तिच्यावर बसले आणि हातांनी पाणी मारत निघाले. मंचावर कुजबुज सुरू झाली, अर्पण केलेला नारळ परत काढणं बरं नव्हे. नात माझ्याजवळ येऊन म्हणाली, "आजोबा कुठं चालले?"

"शेतात," मी म्हणालो.

ती हसली. मग पाण्याकडे बघत राहिली. बाबा नारळ घेऊन परतले तेव्हा ती भाड्याच्या लुगड्यासकट गुडघाभर पाण्यात शिरली आणि त्यांना काहीतरी विचारू लागली. बाबा ओल्या हाताने हवेत बांध आखत होते: इथून इथपर्यंत. काय बोलले ते लाउडस्पीकरवरच्या गाण्यांत मला ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात बाबांचा फोटो होता, ट्यूबवर, हातात नारळ. खाली लिहिलं होतं: परंपरेनुसार सागराला नारळ अर्पण करताना ज्येष्ठ कोळी बांधव. मी पेपर घेऊन गेलो, अक्षर बारीक म्हणून बाबांना वाचून दाखवला.

"खाचराचं काय लिवलंय?"

"काही नाही."

"मग आनला कशाला, राव?"

त्यांची नात शेजारी बसून त्याच नारळाचं खोबरं खात होती. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बांध उघडे पडतात, तेव्हा आजोबा खाचर दाखवणार आहेत, असं तिने मला सांगितलं. बाईंनाही बोलावणार म्हणाली.

परतताना मी अध्यक्षांच्या हॉटेलात थांबलो. म्हटलं, मे महिन्यात तिथे पर्यटक आणू नका. घाटावर उभं राहिलं की समोर शेतं दिसतील आणि शिळा खोटी ठरेल.

"बरोबर आहे," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा सांगितला.