पळसाची डहाळी

भावसिंगाची सायकल दिग्रसच्या सडकेवर कुणीही लांबून ओळखावी. जिथे म्हणून वाट फुटते तिथे हा गडी खाली उतरतो, जमिनीकडे पाहतो आणि मगच पुन्हा टांग मारतो. फाट्याफाट्याला उतरायचं तर सायकल घेतलीच कशाला, असं लोक विचारतात. हसायला कुणाचं काय जातं म्हणा. पण एकसष्ट सालच्या वैशाखातला तो दिवस ज्यांनी पाहिला, ते हसत नाहीत.

त्याचा तांडा अरुणावतीच्या खोऱ्यात, टेकडीच्या पायथ्याशी. भावसिंगाचं लहानपण बापाच्या शेवटच्या दहा-बारा बैलांमागे गेलं. पाठीवर धान्यामिठाच्या गोण्या लादलेले बैल हाकत मुलूखभर फिरायचं, याला लदेणी म्हणत. लदेणीत पुढे गेलेल्याने मागच्यासाठी खूण ठेवायची, हा नेम होता. वाट फुटेल तिथे ताजी डहाळी, देठावर दगड, आणि शेंडा आपण गेलो त्या दिशेला. मागून येणाऱ्याने खूण शोधल्याशिवाय फाटा ओलांडायचा नाही. बैल संपले, लदेणी संपली, पण भावसिंगाने ही विद्या आपल्या एकुलत्या एका लेकीला, जमनीला शिकवली. सरपणाला जाताना तो मुद्दाम पुढे निघून जायचा आणि ती एवढीशी पोर डहाळ्या पाहत पाहत बापाला बरोबर गाठायची.

मग खोऱ्यातून डांबरी सडक आली. दोन उन्हाळे भावसिंगाने तिच्यावर गिट्टी पसरली, उकळतं डांबर ओतलं, तळपाय भाजून घेतले आणि त्या मजुरीतून एक जुनी सायकल घेतली. झालं, गड्याला जग जिंकल्यासारखं वाटलं. जमनीच्या सासरी पायवाटेने नऊ मैल, सडकेने सोळा. तरी सडकेने मी दोन तासांत जातो, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा.

त्या वैशाखात त्याची बायको धनीबाई, म्हणजे जमनीची याडी, पंधरा दिवस तापाने पडून होती. दवाखान्याच्या औषधाने गुण आला नाही. त्या सकाळी तिचा आवाज पार खोल गेला होता.

"जमनीले पाहू वाटते," ती म्हणाली.

"आत्ता आणतो. कॅरेजवर बसवून."

"तुमी नका जाऊ. दुसऱ्या कोनाले धाडा. तुमी बसा माह्याजवळ."

"दुसरा पायी जाईन, सांज करन. मी दुपारच्या आत येतो."

तिने त्याचा हात धरला होता. त्याने तो सोडवला. आजारी माणसापाशी नुसतं बसून राहणं त्याला कधी जमलं नव्हतं. काहीतरी धावपळ केली म्हणजे माणूस वाचतं, अशी त्याची समजूत. आणि खरं सांगायचं तर, दाराशी सायकल उभी होती.

सकाळची सडक गार होती. पाच मैलांवर जुनी पायवाट टेकडीवरून उतरते आणि सडकेला आडवी छेदून तांड्याकडे जाते. पायी असता तर भावसिंग तिथे थांबलाच असता. पण तिथे मोठा उतार आहे. सायकल जी सुटली ती सुटली, त्याने ब्रेकला हातही लावला नाही. आपण स्वतः घातलेल्या डांबरावरून वारा कापत जाताना त्याला क्षणभर बरं वाटलं. त्या क्षणाची लाज त्याला अजून वाटते.

जमनीच्या घरी तिचा सासरा हिरासिंग खाटेवर बसला होता. तो चमकून उठला.

"जमनी त पहाटेच निंघाली," तो म्हणाला. "काल बाजारात तुमच्याकडचा मानूस भेटलता. याडी लई बिमार हाय म्हने. रात्रभर झोपली नाही पोरगी. वाटेत नाही भेटली?"

"मी सडकेनं आलो."

"ते त पायवाटेनं गेली."

भावसिंग तांब्याभर पाणी प्यायला आणि उलट्या पावली निघाला. चार मैलांवर बाभळीचा काटा टायरमध्ये गेला. जवळ पंप नाही, आसपास दुकान नाही. ऊन चढलं तसं नवं डांबर मऊ झालं, वहाणेला आणि टायरला चिकटू लागलं. तो सायकल ढकलत, कधी तिला शिव्या देत, कधी देवाला हात जोडत चालत राहिला.

चढ चढून तो पायवाटेच्या फाट्याशी आला, आणि आता पायीच असल्यामुळे त्याला ती दिसली. सडकेच्या अगदी कडेला पळसाची डहाळी. देठावर दगड, शेंडा तांड्याकडे. फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, काठाची लाल चिंधी तिला बांधलेली. बाप आपल्याला न्यायला सडकेने येईल हे जमनीने ओळखलं होतं, आणि त्याने शिकवलं तसंच केलं होतं. पानं उन्हाने मलूल झाली होती. म्हणजे सकाळी तो इथून सुसाट गेला तेव्हाही खूण इथेच होती. तेव्हा उतरून पाहिली असती, तर तासाभरात धनीबाईपाशी जाऊन बसला असता.

त्याने डहाळी उचलली, सायकल तिथेच टाकली आणि पायवाटेने धावत सुटला.

तांड्यात बाया रडत होत्या. जमनी आईच्या उशाशी बसली होती. बापाला पाहून ती उठली नाही.

"सूर्य डोक्यावर आला तवा गेली," ती म्हणाली.

भावसिंग दारातच खाली बसला.

"मी तुह्यामागं मानूस धाडत होती, बा. याडीनंच नाही म्हटलं. फाट्यावर खूण ठेवली म्हनून सांगतलं मी तिले. तवा म्हने, मंग कायले धाडतं? खूण पाह्यल्याबिगर पुढं जानारा मानूस नाही तो. येतेच आता. अन् दाराकडं पाहत राह्यली."

भावसिंगाने मूठ पाठीमागे नेली. पण लाल चिंधी जमनीला दिसली. खूण केव्हा सापडली, हे तिने त्याला विचारलं नाही.