‘सागरसौभाग्य’ आणि लाल पेन्सिल

चाळीस वर्षं मी अलिबागच्या एका छापखान्यात खिळे जुळवले. बोटांना शिसं लागलं ते साबणानं निघायचं, पण कानात जे साचलं ते निघता निघेना! आमच्या गावात एक साहित्य मंडळ होतं, आणि त्याचा दिवाळी अंक आमच्याकडे छापायला यायचा. स्वातंत्र्य मिळून सहा-सात वर्षं झाली होती, आता मराठी साहित्याला कुलाबा जिल्ह्यानंच काय ते द्यायचं बाकी आहे, असा मंडळातल्या प्रत्येकाचा ठाम समज. मी एक ओळ कधी लिहिली नाही. पण कोणाच्या घरी काय शिजतं आणि कागदावर काय उतरतं, हे दोन्ही मला माहीत! एक आठवला की मागून चार येतात, म्हणून म्हटलं सांगून टाकू.

*

आमचे एक वकीलसाहेब होते. कविता करायचे, आणि त्याही फक्त भुकेवर. ‘पोटात पेटला वणवा’, ‘भाकरीचा चंद्र मला दिसेना’, असलं. माणूस शंभर किलोचा! प्रूफ तपासायला यायचे ते जेवून, दुपारी दोनला. हाताला कोलंबीचा वास, ओठाला विडा. ‘वणवा’ शब्दाशी आले की ढेकर ठरलेला.

एकदा मात्र सकाळीच आले, वणव्याची तिसरी ओळ बदलत बसले आणि अडीच वाजले. घरचा गडी धावत आला. म्हणाला, “बाईसाहेबांनी सांगितलंय, कवितेत उपाशी राहायचं तेवढं राहा, पण सुरमई गार होते. ताबडतोब या.”

वकीलसाहेब तसेच उठले. त्या दिवशी ते जेवायचे राहिले होते, आणि त्या दिवशी त्यांना ओळ सुचली नाही!

*

दुसरे कादंबरीकार, मामलेदार कचेरीतले अव्वल कारकून. सरळ माणूस, पण कचेरी अशी अंगात मुरलेली की नायकानं नायिकेला लिहिलेलं प्रेमपत्र सुरू व्हायचं, “विनंती अर्ज करतो की.” पुढे, “सदरहू चांदण्यात आपली आठवण आली. सबब आपण बागेत येण्याची तजवीज करावी.” आणि नायिका काय उत्तर देते? “अर्ज विचाराधीन आहे.” अहो, देवाशप्पथ! मी स्वतः जुळवलंय ते.

मी एकदा भीत भीत म्हटलं, “साहेब, ही मुलगी जरा कचेरीतल्यासारखी बोलते.”

केवढे भडकले! “माझ्या नोकरीचा आणि माझ्या साहित्याचा काडीचाही संबंध नाही!” हे तोंडानं सांगून भागलं नाही, तर दुसऱ्या दिवशी लेखी पाठवलं. तीन प्रतींत.

*

मग एक तरुण कथाकार आले, पुण्याकडचे. त्यांना अनुभव हवा होता. आम्हा लोकांना अनुभव फुकट मिळतो म्हणून आम्ही त्याची किंमत करत नाही, हे त्यांचं मत. मांडव्याला जाऊन एका तांडेलाच्या होडीत बसले. दोन तासांनी उतरले ते पांढरेफटक होऊन, आणि आठ दिवसांत चाळीस पानं लिहिली, ‘दर्याशी झुंज’. पर्वतासारख्या लाटा काय, मृत्यूचा जबडा काय!

ती छापत असताना तो तांडेल मुलाच्या लग्नाच्या पत्रिका घ्यायला आमच्याकडे आला. मी हौसेनं एक पान वाचून दाखवलं.

तांडेल डोकं खाजवत म्हणाला, “झुंज कवा झाली? आमी भरतीची वाट बगत व्हतो. ह्यांनी वकाया सुरुवात केली म्हनून परत उतरवलं. नांगर न्हवता उचलला अजून!”

*

आता मंडळाचे अध्यक्ष, अण्णासाहेब. निवृत्त हेडमास्तर. ‘जीवन आणि साहित्य’ हे त्यांचं व्याख्यान, वर्षातून चारदा, तेच. खिशात कायम लाल पेन्सिल. एकानं मुंजीची पत्रिका दिली, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून परत केली, सहापैकी चार गुण देऊन! मुंजीला मात्र वेळेवर हजर, आणि जिलेबीला काही दुरुस्ती नाही.

त्यांनी एक कथा लिहिली, ‘सागरसौभाग्य’. कोळ्याचा तरणा नवरा ऐन आषाढात होडी घेऊन जातो आणि बुडतो. त्याची बायको त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर बांगड्या फोडते आणि पाण्यात चालत जाते. संपलं. मंडळात वाचली तेव्हा वकीलसाहेब रडले.

मागच्या बाकावर दामू मास्तर होता. काशीदच्या शाळेत शिकवायचा, पण घर आमच्या कोळीवाड्यात. आमच्या मंडळात दर्यावर वाढलेला तो एकटा. तो उठून म्हणाला, “अण्णासाहेब, आषाढात होड्या वर ओढून नारळाच्या झापांखाली ठेवलेल्या असतात. नारळी पुनवेपर्यंत कोणी जात नाही. हा गेला कशानं?”

अण्णासाहेब हसले. “दामोदर, साहित्यात वास्तवापेक्षा वातावरण महत्त्वाचं!”

*

त्याच दामूनं त्या वर्षीच्या दिवाळी अंकासाठी एक गोष्ट दिली. चार पानांची. बाप वैशाखात वादळात सापडतो, होडी परत येत नाही, आणि आई तिसऱ्या दिवशी सुके बोंबील विकायला निघते. पहिल्याच दारात घराचा मालक म्हणतो, “आज उशीर केलास!” बस, एवढंच.

आठवड्यानं ती माझ्याकडे आली, नाकारलेल्या गठ्ठ्यात. मालकाच्या त्या वाक्यावर लाल पेन्सिलीची ही जाड रेघ, आणि समासात शेरा: ‘असे कोणी बोलेल काय? बाई तिसऱ्या दिवशी मासळी विकायला? भावना नाही. वास्तवाला धरून लिहावे.’

मी ती दामूला परत द्यायला गेलो. त्यानं शेरा वाचला आणि कागद माझ्याच हातात ठेवले. म्हणाला, “असू द्या तुमच्याकडे. बाबाचं काही नाही हो आमच्याकडे. मयत गावलं नाही, फोटो नाही. कुठेतरी छापलेलं एक पान असावं, एवढंच वाटत होतं.”

मला त्या पेन्सिलीचे तुकडे करावेसे वाटले, खोटं कशाला बोलू!

*

आणि आता ऐका. ‘सागरसौभाग्य’ला कुठल्याशा कथास्पर्धेत बक्षीस मिळालं. वाचनालयात सत्कार ठरला. अण्णासाहेबांना उमाळा आला की, जिच्या आयुष्यावरून कथा स्फुरली त्या माउलीचाही सत्कार करायचा. ती माउली म्हणजे हिराबाय, त्यांच्या मागल्या दारी वीस वर्षं मासळी घालणारी. दामूची आई! अण्णासाहेबांच्या बायकोला तिनं कधीतरी ओट्यावर बसून सांगितलेलं ह्यांनी झोपाळ्यावरून ऐकलं होतं.

हिराबाय नवं लुगडं नेसून आली. अण्णासाहेबांनी शेवटचं पान वाचलं, बांगड्या, लाटा, सगळं. टाळ्या! नारळ दिला. कोणीतरी म्हणालं, “बाई, दोन शब्द बोला.” दामू भिंतीकडे बघत होता.

हिराबाय नारळ पोटाशी धरून उभी राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पोराची गोष्ट तिनं ऐकलेलीही नव्हती.

“आन्ना, तुमी ग्वाड वाचलंत. पन मी मेले न्हाय.”

लोक हसले. तीही हसली.

“बांगड्या बी न्हाय फोडल्या. मयत गावलं न्हवतं, मंग सुतक कसलं धरायचं? घरात दोन पोरं. बोंबील सुकवलेलं, वर आभाळ भरलेलं, भिजलं असतं तर खायाचं काय? तिसरे दिवशी टोपली उचलली. पयल्यांदा तुमच्याच दारात आले, आन्ना. तुमी झोपाल्यावर बसला व्हतात. तुमी मला म्हनालात, ‘हिरा, आज उशीर केलास!’”

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नारळ सावरत ती खाली बसली. चिटणीसांनी घाईघाईनं चहा जाहीर केला.

दिवाळी अंकाच्या शेवटच्या पानांचा फॉर्म अजून मशीनवर चढायचा होता. मी दाराशी चपला शोधत होतो. अण्णासाहेब जवळ आले, गळ्यातला हार अजून तसाच. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाले,

“गोविंदा, दामूची ती गोष्ट तुझ्याकडेच आहे ना रे? लाल पेन्सिल रबरानं जाते का?”