राखणीला बसलेल्या चार मोटारी

एखादी वस्तू नीट चालत नसली की रंजिताला जेवण गोड लागत नाही, आणि नीट चालत असली की ती उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. खर्डीच्या वरच्या पाड्यावर ती सून म्हणून आली, तेव्हा बॅगेत चार साड्या होत्या आणि तळाशी सोल्डरिंग गन. आयटीआय शिकलेली ही बाई सकाळी वाशिंदच्या कारखान्यात पॅकिंगला जाते आणि संध्याकाळी ओटीवर वायरी पसरून बसते. तिचा खरा जीव सर्वो मोटारीवर. काडेपेटीएवढी मोटार, पंख्यासारखी गरगरत नाही. सांगाल तेवढाच हात फिरवते आणि थांबते. सांगायचं काम बोटभर बोर्डाचं, आणि बोर्डाला शिकवायचं काम रंजिताचं.

पहिल्यांदा तिने कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आपोआप लागेल असं केलं. उजेड गेला की दार बंद. एके दिवशी भर दुपारी आभाळ दाटून आलं आणि दार लागलं. कोंबड्या बाहेर, मांजर आत, अंडी मांजराच्या पोटात! सगळा पाडा हसला. रंजिता म्हणाली, "हसा. उद्या बरोबर लागंल." आणि लागलंही. या बाईचा हाच गुण मला आवडतो, चुकली तरी तिचा आवाज खाली येत नाही.

पण यंदाचं काम मांजराइतकं सोपं नव्हतं. सासू गुणाबाईकडे घरचं जुनं, लवकर पिकणारं हळवं भात होतं. पाड्यावर बाकी सगळ्यांनी उशिरा पिकणारं गरवं धरलं, त्यामुळे हे बियाणं उरलं ते फक्त हिच्या एका खाचरात. सगळ्यांच्या आधी पिकणारं एकच खाचर म्हणजे पाखरांना घरपोच आमंत्रण. म्हणून गुणाबाई दरवर्षी वीस दिवस खाचरातल्या लाकडी माळ्यावर बसायची. माळ्यापासून चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, दोऱ्यांना डबडी. ओढली की खडखडाट.

यंदा नेमकी तिची लेक रंभा मुरबाडला दिवसांवर आली. पहिलं बाळंतपण माहेरचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला नाही म्हटलं. म्हणजे आईनेच जायला हवं. "मी गेले तर बी जाईल, नाय गेले तर पोर एकटी," असं म्हणत गुणाबाई नुसती घरात फेऱ्या मारू लागली.

"आई, तुमी जावा. बी मी राखते," रंजिता म्हणाली.

"तू कारखान्यात. राखणार कोन?"

"मोटारी."

तिने लोखंडी दात्यांच्या चार दणकट सर्वो आणल्या, माळ्यावर ठोकल्या, एकेकीच्या हाताला एकेक दोरी बांधली. जुनी मोटारसायकलची बॅटरी, वर सोलर पॅनल. दर पाच मिनिटांनी चारही दोऱ्या ओढायच्या. पहिले दोन दिवस पाखरू फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी खडखडाट झाला की थवा उठून बांधावरच्या ऐनाच्या झाडावर बसायचा, आवाज थांबला की परत कणसांवर. पाखरांनीही पाळी धरली होती.

गुणाबाई पदर तोंडाला लावून हसली. "अगो, हा तुझ्या कारखान्याचा भोंगा झाला. पाखरांना टाइम कळला."

रंजिताला राग आला, आणि तो स्वतःचाच. रोज भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं. राखणही तशीच करून ठेवली होती तिने! दुसऱ्या दिवशी तिने मोटारी सोडवल्या, प्रत्येक दोरीला एकेक बारीक स्विच लावला आणि सासूला म्हणाली, "तुमी नेहमीसारखं राखा. बोर्ड शिकंल."

चार दिवस गुणाबाई राखत होती आणि बोर्ड तिची प्रत्येक ओढ टिपत होता. संध्याकाळी त्या नोंदी बघताना रंजिता थक्क झाली. दव सुकायच्या वेळी नुसती झुंबड, दुपारी जवळजवळ सामसूम. एकच कोपरा लागोपाठ क्वचितच. आणि मधूनच एका ओढीनंतर थोडं थांबून तीच दोरी पुन्हा, पाखरं "गेली वाटतं म्हातारी" म्हणून उतरतात त्याच क्षणी. तीस वर्षांचं शहाणपण, आणि बाई कधी एका शब्दाने बोलली नव्हती.

रंजिताने दोऱ्या पुन्हा मोटारींना बांधल्या आणि ते चार दिवस तसेच्या तसे त्यांना दिले, फक्त कोणता दिवस कधी हा क्रम उलटसुलट. थवा उतरायला आला की डबडं वाजायचं. पाखरं कंटाळून रानात गेली. मुरबाडहून फोन आला तेव्हा गुणाबाईने खाचराकडे एकदा बघितलं, सुनेच्या तोंडाकडे एकदा बघितलं आणि पिशवी उचलली.

नऊ दिवसांनी ती परतली, तेव्हा भात कापणीला आलं होतं, कणसं भरलेली. दोघी बांधावर उभ्या असताना ओढ्यापलीकडच्या शेतातला कोंडू तणतणत आला. नात्याने गुणाबाईचा दीर.

"वैनी, रुसलीस काय गो? आठ दिस हाका मारतोय, ये भाकर खायाला. डबडी वाजवतेस, पन ओ म्हनून देत नायस!"

रंजिताने ओठ दाबून धरले. गुणाबाईने माळ्याकडे बघितलं, मग सुनेकडे.

"रुसतेय कशाला रे," ती म्हणाली. "मी तिकडं नातीला न्हाऊ घालीत व्हते."